अमेरिकी कॉलेज बास्केटबॉलचा असिस्टंट कोच : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च महिन्यात एनसीएए या अमेरिकी कॉलेज क्रीडा संघटनेच्या राष्ट्रीय स्पर्धेचे सामने जागून पाहणारी मराठी मंडळी आता भारतातही आहेत आणि अमेरिकेत तर आहेतच. हेड कोचची नावं त्यांना तोंडपाठ असतात. त्याच्या शेजारी हातात प्लॅस्टिकची पाटी आणि मार्कर घेऊन बसणाऱ्या चार-पाच जणांबद्दल मात्र नुसते प्रश्नच असतात. ही माणसं कोण, येतात कुठून, कमावतात किती आणि पुढे त्यांचं काय होतं? नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. उत्तरं मुख्यतः डिव्हिजन वनच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या पातळीच्या, पुरुष संघांबद्दल आहेत (डिव्हिजन थ्री ही सगळ्यात खालची). जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगितलं आहे.

बाकावर एवढी गर्दी असते. त्यातला असिस्टंट कोच नेमका कोणता?

सूट किंवा पोलो शर्ट घातलेला प्रत्येक जण कोच नसतो. वर हेड कोच. त्याच्याखाली असोसिएट हेड कोच, म्हणजे मान आणि पगार थोडा जास्त असलेला असिस्टंटच. मग असिस्टंट कोच. त्याखाली डायरेक्टर ऑफ बास्केटबॉल ऑपरेशन्स. नाव भारदस्त असलं तरी काम विमानं, हॉटेलं, जेवणं आणि बसच्या वेळा सांभाळण्याचं. मग व्हिडिओ कोऑर्डिनेटर, मग मास्टर्स करता करता राबणारा ग्रॅज्युएट असिस्टंट आणि तळाशी स्टुडंट मॅनेजर. घाम पुसायचा, पाणी द्यायचं, सरावात चेंडू गोळा करून परत फेकायचे, ही त्याची कामं.

बरीच वर्षं संघाला तीनच असिस्टंट ठेवता येत. बाकीच्यांना सरावात खेळाडूला ‘कोपर आत घे’ एवढं सांगायचीही अधिकृत परवानगी नव्हती. १ जुलै २०२३ पासून आणखी दोन कोच मान्य झाले. त्यांना मैदानावर शिकवता येऊ लागलं, पण तेव्हाच्या नियमाप्रमाणे कॅम्पसबाहेर रिक्रूटिंगला जायची मुभा मात्र जुन्या तिघांपुरतीच राहिली. बाहेरून हा फरक किरकोळ वाटेल. आतल्यांसाठी तो फार मोठा होता, कारण व्हिडिओच्या खोलीत वर्षानुवर्षं अडकलेल्या कितीतरी जणांच्या नावापुढे त्यामुळे पहिल्यांदा ‘कोच’ लागलं.

सुरुवात कुठून होते?

ठरलेली परीक्षा नाही, लायसन्स नाही. बहुतेक विद्यापीठं पदवी मागतात, तेवढंच. त्यामुळे दारं अनेक आहेत आणि सगळीच अरुंद.

रॉय विल्यम्सचं उदाहरण घ्या. नॉर्थ कॅरोलायनात ब्लॅक माउंटन नावाच्या गावात तो हायस्कूलचा कोच होता. १९७८ मध्ये नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचा हेड कोच डीन स्मिथ याने त्याला विद्यापीठात बोलावलं ते अर्धवेळ असिस्टंट म्हणून. पगार वर्षाला २,७०० डॉलर. घरात बायको-मूल, आणि त्या पैशात भागणं शक्यच नव्हतं. मग हा गडी संघाची कॅलेंडरं गाडीत घालून राज्यभर विकत फिरायचा आणि डीन स्मिथच्या टीव्ही कार्यक्रमाच्या टेप स्टेशनांवर पोचवायला तासन् तास गाडी हाकायचा. अशी दहा वर्षं काढली. १९८८ मध्ये कॅन्सस विद्यापीठ राष्ट्रीय विजेतं ठरलं आणि लगेच त्यांचा हेड कोच लॅरी ब्राउन निघून गेला. त्या जागी कॅन्ससने विल्यम्सला आणलं. कॉलेजात हेड कोच म्हणून त्याने तोवर एकही सामना लढवलेला नव्हता. डीन स्मिथ स्वतः कॅन्ससचा माजी खेळाडू होता आणि त्याचा शब्द तिथे चालत होता. पुढे विल्यम्स नॉर्थ कॅरोलायनाला परतला आणि २००५, २००९ व २०१७ अशी तीन विजेतेपदं त्याने मिळवली.

ही गोष्ट सहसा कष्टाची म्हणून सांगतात. कष्ट होतेच. पण तितकेच कष्ट उपसणारे इतरही असतील, आणि त्यांच्यासाठी फोन उचलायला डीन स्मिथ नव्हता. या धंद्यात तुम्ही किती राबलात याच्या आधी कोणाच्या हाताखाली राबलात, हे विचारलं जातं.

स्वतः मोठा खेळाडू असावं लागतं का?

नाही. असाल तर पहिली पायरी सोपी जाते, इतकंच. जॉन शायर २०१० च्या विजेत्या ड्यूक संघातला खेळाडू. २०१३ मध्ये तो त्याच विद्यापीठात स्पेशल असिस्टंट म्हणून आला, मग असिस्टंट झाला, मग असोसिएट, आणि २०२२ मध्ये माइक शशेव्स्की निवृत्त झाल्यावर थेट हेड कोच.

दुसरं टोक ब्रॅड स्टीव्हन्सचं. डेपॉ या डिव्हिजन थ्री कॉलेजात खेळलेला मुलगा, पदवीनंतर इंडियानापोलिसला एलाय लिली या औषध कंपनीत मार्केटिंगमध्ये नोकरी. २००० मध्ये त्याने ती सोडली आणि बटलर विद्यापीठाच्या बास्केटबॉल ऑफिसात बिनपगारी काम धरलं. त्या काळात त्याच्या घरच्यांना काय वाटलं असेल, हे मराठी आईबापांना वेगळं सांगायला नको. २००१ मध्ये तो असिस्टंट झाला, २००७ मध्ये तिशीत हेड कोच, आणि २०१० व २०११ अशी लागोपाठ दोन वर्षं त्याने छोट्याशा बटलरला राष्ट्रीय अंतिम सामन्यात नेलं. २०१३ मध्ये एनबीए या व्यावसायिक लीगमधल्या बोस्टन सेल्टिक्सने त्याला उचललं.

लॉरेन्स फ्रँक तर इंडियाना विद्यापीठात बॉब नाइटच्या संघाचा स्टुडंट मॅनेजर होता. पुढे तो एनबीएत न्यू जर्सी नेट्सचा हेड कोच झाला.

रोजचं काम काय असतं?

हंगामात सगळ्यात वेळखाऊ काम म्हणजे ‘स्काउट’. पुढचे प्रतिस्पर्धी असिस्टंटमध्ये वाटून दिलेले असतात. सोमवारचा संघ तुझा, गुरुवारचा माझा. ज्याचा स्काउट त्याने त्या संघाचे गेले पाच-सहा सामने सिनर्जीसारख्या सॉफ्टवेअरवर कापून काढायचे. त्यांचा पॉइंट गार्ड मूठ वर करतो तेव्हा कोणती खेळी येते, डोक्यावर थाप मारतो तेव्हा कोणती. त्यांचा डावखुरा फॉरवर्ड उजवीकडे वळवला की काय करतो. कोणता शूटर पास हातात येताच मारतो आणि कोणाला आधी एक टप्पा घ्यावा लागतो. हे सगळं रात्री दोनपर्यंत बसून काढायचं आणि खेळाडूंसमोर मात्र दहा-बारा मिनिटांत मांडायचं, कारण त्यापुढे विशीतल्या पोरांचं लक्ष टिकत नाही. मग राखीव खेळाडूंना प्रतिस्पर्ध्याच्या खेळी पढवून सरावात मुख्य संघासमोर उभं करायचं. सामन्यात हाच असिस्टंट बाकावरून ओरडत असतो. समोरच्याने खेळीचं नाव पुकारलं की त्याने आपल्या पोरांना ती काय आहे ते पुकारायचं. संघ जिंकला तर टाळ्या हेड कोचला. वीस गुणांनी हरला तर ‘स्काउट कोणाचा होता?’ हा प्रश्न आलाच.

मार्चमधल्या स्पर्धेत तर गंमतच असते. पहिली फेरी गुरुवारी खेळलात तर दुसरी शनिवारी. मध्ये एकच दिवस. त्यामुळे गुरुवारचा आपला सामना व्हायच्या आधीच दोन असिस्टंट पुढच्या फेरीत येऊ शकणाऱ्या दोन संघांचे स्काउट घेऊन बसलेले असतात. त्यातला एक संघ हरणारच. म्हणजे एकाचं तीन-चार रात्रींचं काम सरळ केराच्या टोपलीत जातं, आणि आपण हरलो तर दोघांचं.

याशिवाय खेळाडूंचे वैयक्तिक सराव, वर्गातली हजेरी, नापास होऊ घातलेल्याला शिकवणीला पाठवणं, रात्री बाराला ‘मला घरी जायचंय’ म्हणून रडणाऱ्या फ्रेशमनचा फोन घेणं. खेळाडूंसाठी हंगामात आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे आणि एक दिवस सुट्टी सक्तीची. कोचसाठी अशी कुठलीच मर्यादा नाही.

रिक्रूटिंगला एवढं महत्त्व का?

कारण खेळाडू नसेल तर पाटीवरची सगळी आकृती व्यर्थ. आणि चांगला हायस्कूल खेळाडू एका संध्याकाळी ठरवत नाही. असिस्टंट त्याच्यामागे दोन-तीन वर्षं असतो. त्याच्या आईशी, मामाशी, एएयू म्हणजे शाळेबाहेरच्या क्लब संघाच्या कोचशी, शाळेच्या समुपदेशकाशी ओळख ठेवतो. शेवटच्या भेटीला हेड कोच येतो, सोफ्यावर बसतो, आईने केलेलं खातो आणि पोरगा होकार देतो. आधीची शंभर फोन-बोलणी असिस्टंटची.

नियमांचं जाळं दाट आहे. वर्षाच्या कॅलेंडरचे तुकडे पाडलेले असतात. कधी प्रत्यक्ष भेटता येतं, कधी फक्त खेळ पाहता येतो, कधी समोरासमोर भेट पूर्ण बंद. बाहेर रिक्रूटिंगला जायचं तर दरवर्षी एनसीएएची नियमांवरची परीक्षाही पास व्हावी लागते.

जुलैमध्ये साउथ कॅरोलायनातल्या नॉर्थ ऑगस्टा इथे पीच जॅम नावाची मोठी स्पर्धा होते. देशातले निवडक हायस्कूल खेळाडू तिथे असतात आणि एकामागून एक कोर्टांच्या कडेला कोच मंडळी घडीच्या खुर्च्यांवर बसलेली. नियमाप्रमाणे या काळात पोरांशी बोलायचं नाही. मग बोलायचं कसं? तर विद्यापीठाचं चिन्ह ठळक दिसेल असा शर्ट घालून त्या पोराच्या नजरेच्या टप्प्यात, त्याच्या प्रत्येक सामन्याला बसून राहायचं. सकाळी नऊच्या सामन्यालाही आणि रात्री दहाच्याही. संघ तीस गुणांनी मागे असला तरी उठायचं नाही. पोरगा काय खेळतो हे एव्हाना पाठ झालेलं असतं. तिथे बसायचं ते हजेरी लावायला.

रिक्रूटिंगवर करिअर उभारणाऱ्यांत माझ्या मते टॉमी लॉइड सगळ्यात डोकेबाज. गोंझागा हे स्पोकेन शहरातलं लहान जेझुइट विद्यापीठ. नामवंत अमेरिकी पोरं तिकडे वळेनात. लॉइडने परदेशांत जाळं विणलं. लिथुएनियाच्या बास्केटबॉल घराण्यातला डोमांटास साबोनिस, जपानचा रुई हाचिमुरा असे खेळाडू तिथे आले. सगळे एकाच कुरणात चरत असताना त्याने वेगळं कुरण शोधलं. वीस वर्षं असिस्टंट राहिल्यावर २०२१ मध्ये ॲरिझोनाने त्याला हेड कोच केलं. पहिल्याच हंगामात ३३ विजय, ४ पराभव, आणि एपी या वृत्तसंस्थेचा ‘कोच ऑफ द इयर’ किताब.

‘तो नुसता रिक्रूटर आहे’ असं का म्हणतात?

असिस्टंटवर शिक्का फार लवकर बसतो. एक शिक्का रिक्रूटरचा, दुसरा फुल्या-गोळ्या काढणाऱ्या डावपेचवाल्याचा. हेड कोचच्या मुलाखतीला गेल्यावर रिक्रूटरला विचारतात, ‘पण तुला कोचिंग येतं का?’

यात वर्णाचा मुद्दा आहे आणि तो टाळण्यात अर्थ नाही. डिव्हिजन वनच्या पुरुष संघांत कृष्णवर्णीय खेळाडूंचा भरणा आहे. हेड कोचच्या खुर्च्यांवर मात्र बहुसंख्य गोरे. कृष्णवर्णीय असिस्टंटांची जुनी तक्रार अशी की, आम्हाला पोरं आणायला ठेवतात आणि डावपेचांचं श्रेय शेजारच्याला देतात. या पातळीवर राष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे कृष्णवर्णीय हेड कोच २०२५ पर्यंत चारच : जॉन थॉम्पसन (जॉर्जटाउन, १९८४), नोलन रिचर्डसन (आर्कान्सा, १९९४), टबी स्मिथ (केंटकी, १९९८) आणि केव्हिन ऑली (कनेक्टिकट, २०१४).

दुसऱ्या शिक्क्याचा फायदा झालेलं उदाहरण मार्क ॲडम्सचं. टेक्सास टेक २०१९ च्या अंतिम सामन्यात पोचलं ते बचावाच्या जोरावर, आणि चेंडू मधल्या पट्ट्यात येऊच न देणाऱ्या त्या बचावाचा कर्ता म्हणून असिस्टंट असलेल्या ॲडम्सचं नाव झालं. २०२१ मध्ये हेड कोच दुसरीकडे गेला तेव्हा विद्यापीठाने ॲडम्सलाच खुर्ची दिली.

पगार किती मिळतो?

ग्रॅज्युएट असिस्टंटला फीमाफी आणि वरखर्चाला थोडेसे पैसे. लहान विद्यापीठांत असिस्टंटचा पगार शाळामास्तरासारखा. मोठ्या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे बड्या विद्यापीठांच्या गटांत, काही लाख डॉलर आणि वरच्या मोजक्यांना त्याहून बरंच जास्त. सरकारी विद्यापीठांतले आकडे सार्वजनिक असतात, कोणीही शोधून पाहू शकतो.

इथे एक जुनं प्रकरण माहीत असायला हवं. १९९१ मध्ये एनसीएएने खर्चकपातीच्या नावाखाली सगळ्यात कनिष्ठ कोचचा पगार वर्षाला १६,००० डॉलरवर बांधून टाकला. त्याला ‘रिस्ट्रिक्टेड अर्निंग्ज कोच’ असं नावही दिलं. म्हणजे कोणत्याही विद्यापीठाने मनात आलं तरी जास्त द्यायचं नाही. कोच कोर्टात गेले. नॉर्मन लॉ या असिस्टंटच्या नावाने तो खटला ओळखला जातो. १९९५ मध्ये न्यायालयाने हा नियम स्पर्धाविरोधी ठरवला, १९९८ मध्ये अपील कोर्टाने तो निकाल कायम केला आणि १९९९ मध्ये एनसीएएने ५ कोटी ४५ लाख डॉलरवर तडजोड केली. खेळाडूंच्या मोबदल्याचा वाद पेटला त्याच्या कितीतरी आधी एनसीएएला पैशांवरून कोर्टात हरवणाऱ्यांत हे तळाचे कोच होते.

हेड कोचला काढलं तर असिस्टंटचं काय होतं?

बहुतेक वेळा सुक्याबरोबर ओलंही जळतं. हेड कोचचा करार पाच-सहा वर्षांचा असतो आणि काढल्यावर उरलेले पैसे त्याला मिळतात. असिस्टंटचे करार सहसा एक-दोन वर्षांचे. नवा हेड कोच येतो तो आपली माणसं घेऊन. जुन्यांपैकी एखादा राहतो, तोही बहुधा संघातला महत्त्वाचा खेळाडू त्याच्या शब्दावर टिकेल म्हणून.

त्यामुळे विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. दर तीन-चार वर्षांनी गाव बदलायचं, मुलांच्या शाळा बदलायच्या, जोडीदाराने नोकरी सोडायची. या धंद्यातल्या कोचांच्या बायकांना वेगळा पगार द्यायला हवा.

नोकऱ्यांचा बाजार भरतो तो फायनल फोरच्या, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेत उरलेल्या शेवटच्या चार संघांच्या सामन्यांच्या, शहरात. त्याच दिवसांत तिथे बास्केटबॉल कोचच्या संघटनेचं, एनएबीसीचं, अधिवेशन असतं. हॉटेलच्या लॉबीत हे दृश्य दरवर्षी दिसतं : नोकरी गेलेले, जाणार असलेले आणि नवी शोधणारे असिस्टंट, सगळे चांगल्या शर्टात, एकमेकांशी बोलताना डोळा मात्र दाराकडे, कोण हेड कोच आत येतोय त्यावर.

हेड कोच व्हायला किती वर्षं लागतात?

याला सरासरी काढण्यात काही हशील नाही. शाका स्मार्ट केनियन या डिव्हिजन थ्री कॉलेजात शिकलेला. डेटनमध्ये ऑपरेशन्सचं काम, मग ठिकठिकाणी असिस्टंट, फ्लोरिडात शेवटचा, आणि २००९ मध्ये तिशीच्या सुरुवातीलाच व्हीसीयूचा, म्हणजे व्हर्जिनिया कॉमनवेल्थ विद्यापीठाचा, हेड कोच. दोन वर्षांत संघ फायनल फोरमध्ये. टॉड गोल्डन आधी कोलंबियात आणि नंतर ऑबर्नमध्ये ब्रूस पर्लच्या हाताखाली असिस्टंट होता. २०२५ च्या फायनल फोरच्या उपांत्य फेरीत त्याच्या फ्लोरिडाने पर्लच्याच ऑबर्नला हरवलं आणि मग ह्यूस्टनला ६५-६३ असं नमवून विजेतेपद घेतलं. दुसरीकडे बिल गथ्रिज. डीन स्मिथच्या शेजारी तीस वर्षं बसला. १९९७ मध्ये स्मिथ निवृत्त झाला तेव्हा वयाच्या साठीत गथ्रिज हेड कोच झाला. तीनच हंगाम खेळवले आणि त्यांपैकी दोनदा संघ फायनल फोरला नेला.

मोठ्या विद्यापीठात असिस्टंट राहावं की छोट्या कॉलेजात हेड कोच व्हावं?

बाकावर बसून सल्ला देणं वेगळं आणि शेवटच्या मिनिटाला टाइमआउट घ्यायचा की नाही हे स्वतः ठरवणं वेगळं, म्हणून माझं मत छोट्या कॉलेजाच्या बाजूने. पण व्यवहार पाहिला तर मोठ्या नावाच्या बाकावरूनच बहुतेकांना बोलावणं येतं.

बो रायन १९७६ पासून विस्कॉन्सिनमध्ये असिस्टंट होता. १९८४ मध्ये तो त्याच राज्यातल्या प्लॅटव्हिल या डिव्हिजन थ्री संघाकडे गेला. तिथे ॲथलेटिक स्कॉलरशिप नाहीत, टीव्ही नाही, बसने प्रवास. पंधरा वर्षांत चार राष्ट्रीय विजेतेपदं. मग मिलवॉकीत दोन वर्षं आणि २००१ मध्ये पुन्हा मॅडिसनला, विस्कॉन्सिन विद्यापीठात, या वेळी हेड कोच म्हणून. रस्ता आहे, पण लांबचा.

वशिला चालतो का?

चालतो, उघड चालतो. त्याला इथे ‘कोचिंग ट्री’ असं भारदस्त नाव आहे. शशेव्स्की स्वतः आर्मी म्हणजे लष्करी अकादमीच्या संघात बॉब नाइटचा खेळाडू होता आणि नंतर इंडियानात त्याचा ग्रॅज्युएट असिस्टंट. पुढे ड्यूकच्या बाकावरून टॉमी अमाकर, जॉनी डॉकिन्स, माइक ब्रे, ख्रिस कॉलिन्स असे अनेक जण हेड कोच झाले. नात्यातलाही प्रकार आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये, हंगाम तोंडावर असताना, ब्रूस पर्ल निवृत्त झाला आणि ऑबर्नची खुर्ची त्याच्याच असिस्टंटकडे, म्हणजे मुलगा स्टीव्हनकडे गेली.

२०१७ च्या अटकांचं प्रकरण काय होतं?

२६ सप्टेंबर २०१७ रोजी न्यूयॉर्कच्या फेडरल वकिलांनी दहा जणांना अटक जाहीर केली. त्यांत ऑबर्न, ओक्लाहोमा स्टेट, ॲरिझोना आणि सदर्न कॅलिफोर्निया या चार विद्यापीठांचे चार असिस्टंट होते. आरोप असा की एजंट आणि आर्थिक सल्लागारांनी त्यांचे हात ओले केले आणि बदल्यात त्यांनी आपले खेळाडू त्यांच्याकडे वळवायचे. चौघांनी पुढे गुन्हा कबूल केला. कोणावरही अन्याय झाला असं मला म्हणायचं नाही. पण बेड्या पडलेल्या कोचांत हेड कोच एकही नव्हता, हे ध्यानात ठेवण्यासारखं. खेळाडूच्या भोवतालच्या माणसांत रोजची ऊठबस असिस्टंटची असते, आणि ‘मला काही माहीत नव्हतं’ म्हणायची सोय वरच्या माणसाला. एनसीएएने नंतर नियम कडक करून हाताखालच्यांच्या चुकांची जबाबदारी हेड कोचवर टाकली, ती याच सोयीवर उतारा म्हणून.

आता खेळाडूंनाच पैसे मिळतात. मग असिस्टंटचं काम सोपं झालं का?

उलट. ट्रान्स्फर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची ऑनलाइन यादी, २०१८ मध्ये आलं. २०२१ पासून पहिल्यांदा कॉलेज बदलणाऱ्याला एक वर्ष बाहेर बसावं लागत नाही, आणि त्याच वर्षी १ जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातींतून कमावता येऊ लागलं. जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठं स्वतःच्या उत्पन्नातून खेळाडूंना थेट पैसे देतात. पहिल्या वर्षाची कमाल मर्यादा सगळ्या खेळांना मिळून २ कोटी ५ लाख डॉलर.

पूर्वी तीन वर्षं ओळख वाढवून पोरगा मिळवायचा आणि चार वर्षं निश्चिंत. आता हंगाम संपला की पोर्टलमध्ये शेकडो नावं, प्रत्येकाचा एजंट, आणि आपल्याच संघातल्या पोरांना पुन्हा पटवायचं. पैशांच्या वाटाघाटीसाठी मोठ्या विद्यापीठांनी जनरल मॅनेजर नेमले. त्यामुळे जुन्या धाटणीच्या रिक्रूटरची किंमत थोडी उतरली आणि तीन दिवसांत व्हिडिओ पाहून ‘हा आपल्याकडे चालेल’ हे सांगणाऱ्याची चढली.

बायकांना या धंद्यात जागा आहे का?

महिला संघांत आहेच, जरी तिथल्याही बऱ्याच खुर्च्या पुरुषांनी धरल्या आहेत. पुरुष संघांत फार थोडी. १९९० मध्ये रिक पिटिनोने केंटकीत बर्नडेट लॉकला असिस्टंट नेमलं. डिव्हिजन वनच्या पुरुष संघाची ती पहिली महिला असिस्टंट कोच. लग्नानंतर मॅटॉक्स झालेल्या बर्नडेटने पुढे केंटकीचाच महिला संघ हेड कोच म्हणून सांभाळला.

कनेक्टिकटच्या महिला संघाच्या ख्रिस डेलीचं नाव इथे घ्यायलाच हवं. १९८५ मध्ये हेड कोच जीनो ऑरिएमाबरोबर ती आली आणि शेजारच्या खुर्चीवरून हललीच नाही. २०२५ पर्यंत त्या संघाची बारा राष्ट्रीय विजेतेपदं झाली. ‘अजून हेड कोच नाही का झालीस?’ हा प्रश्न तिला कोणी विचारत असेल असं वाटत नाही. २०१८ मध्ये महिला बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये तिचा समावेश झाला, तोही असिस्टंट म्हणूनच.

माझा मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत शिकायला जाणार आहे. तिथून हे जमेल का?

स्टुडंट मॅनेजर होण्यासाठी सहा फूट उंची लागत नाही आणि अमेरिकी नागरिकत्वही लागत नाही. कॅम्पसवर पोचताच, ऑगस्टमध्येच, संघाच्या डायरेक्टर ऑफ ऑपरेशन्सला ईमेल करावा. हेड कोचला पाठवू नये, तो वाचत नाही. चार ओळी पुरतात : कोणत्या वर्षाला, कोणत्या वेळा मोकळ्या, काय येतं. सुरुवातीला पैसे मिळतीलच असं नाही. मिळाले तर एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं.

मास्टर्सला जाणाऱ्यांनी ग्रॅज्युएट असिस्टंटच्या जागांची चौकशी प्रवेश घेण्याआधी करावी. विषय निवडताना एक हिशोब डोक्यात ठेवावा. पदवीनंतर ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच्या कामाच्या परवानगीवर, मिळणारं काम शिकलेल्या विषयाशी संबंधित असावं लागतं आणि ते वर्षभराचं असतं. स्पोर्ट मॅनेजमेंटला पुढची २४ महिन्यांची स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) मुदतवाढ मिळत नाही, डेटा ॲनालिटिक्सला मिळते. संघांना आकडे वाचणारी माणसं हवीच असतात, आणि आपल्याकडच्या मुलांना या दाराने शिरणं तुलनेने सोपं. पुढे एच-१बी या नोकरीच्या व्हिसाची वेळ आली तर विद्यापीठांना वार्षिक कोट्याची अट लागू नाही, ही जमेची बाजू. तरी व्हिसाचे नियम बदलत राहतात, विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसात विचारूनच पाऊल उचलावं.

पतियाळाच्या एनआयएस या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा कोचिंग डिप्लोमा असेल तर अर्जात जरूर लिहावा, पण त्यावर भिस्त ठेवू नये. सप्टेंबरअखेरीस संघाचा सराव जोरात सुरू होतो. तोवर उत्तर आलं नाही तर थेट जिममध्ये जाऊन विचारावं. टॉवेल उचलायला एक माणूस बहुधा कमीच असतो.